कमी अक्षांशांवर भूचुंबकीय स्पंदनं कशी टिपायची

होकायंत्राची सुई निश्चल दिसते, पण ज्या क्षेत्रात ती उभी असते ते क्षेत्र कधीच निश्चल नसतं. कमी अक्षांशांवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता ढोबळमानाने ३०,००० ते ४५,००० नॅनोटेस्ला असते (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग). त्यात काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या आवर्तनकालाची बारीक चढउतार सतत चालू असते. हीच भूचुंबकीय स्पंदनं. १८५९च्या प्रचंड चुंबकीय वादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतल्या नोंदींमध्ये भौतिकशास्त्रज्ञ बाल्फोर स्ट्युअर्ट यांना ती दिसली आणि १८६१मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

हौशी निरीक्षकांसाठी लिहिलेली बहुतेक माहिती ध्रुवप्रकाशाच्या प्रदेशाजवळ राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. तिथे स्पंदनं दहापट, कधी शंभरपट मोठी असतात आणि उपकरणाचे दोष त्यांच्याखाली झाकले जातात. इकडे तसं होत नाही. मात्र कमी अक्षांशांचा एक मोठा फायदाही आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मांडणी नीट केली तर क्षेत्राची दिशाच आपल्याला निम्मी मदत करते. ते कसं, हे सेन्सर पुरण्याच्या टप्प्यावर येईल.

आधी काय शोधायचं ते ठरवा

१९६३मध्ये ठरलेलं वर्गीकरण आजही चालतं. सलग, नियमित स्पंदनांना पीसी म्हणतात आणि तुटक, अनियमित स्पंदनांना पीआय. पीसी-१चा आवर्तनकाल ०.२ ते ५ सेकंद, पीसी-२चा ५ ते १०, पीसी-३चा १० ते ४५, पीसी-४चा ४५ ते १५० आणि पीसी-५चा १५० ते ६०० सेकंद. पीआय-१ एक ते ४० सेकंदांचं, पीआय-२ चाळीस ते १५० सेकंदांचं.

यातली दोनच सुरुवातीला पुरेत: दिवसा पीसी-३, रात्री पीआय-२. पीसी-१ कमी अक्षांशांवर क्वचित आणि फारच क्षीण येतं, पीसी-५च्या लाटेची उंची इकडे बहुधा कमी असते. त्यांच्या मागे लागायला नंतर वेळ आहे.

पीसी-३चा उगम पृथ्वीच्या बराच बाहेर आहे. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, पृथ्वीच्या चुंबकावरणावर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचावर, आदळतो तिथे ‘बो शॉक’ ही धक्का-लाट तयार होते. त्यावरून काही आयन मागे, सूर्याच्या दिशेने परततात आणि समोरून येणाऱ्या सौरवाऱ्यात लाटा उठवतात. या लाटा वाऱ्याबरोबर वाहत येऊन चुंबकावरणात शिरतात आणि विषुववृत्ताजवळच्या जमिनीपर्यंत पोहोचतात. म्हणून पीसी-३ दिवसाच्या बाजूला, त्यातही सकाळपासून दुपारपर्यंत, ठळक असतं. पीआय-२ येतं उलट दिशेने: चुंबकावरणाच्या शेपटीत साठलेली ऊर्जा उपवादळात एकदम मोकळी होते तेव्हा. तीन-चार ते पाच-सहा हेलकावे, पहिले मोठे, पुढचे विरत जाणारे. त्याची सर्वांत चांगली वेळ स्थानिक मध्यरात्रीच्या अलीकडची-पलीकडची.

तुमचा चुंबकीय अक्षांश, म्हणजे चुंबकीय विषुववृत्तापासून मोजलेला अक्षांश, किती आहे हेही आत्ताच पाहून ठेवा. भौगोलिक अक्षांश इथे कामाचा नाही. चुंबकीय अक्षांश ३० अंश असेल तर तुमच्या पायाखालून निघणारी क्षेत्ररेषा सुमारे २,१०० किलोमीटर उंचीपर्यंत जाते. २० अंशांवर ती सुमारे ८४० किलोमीटर गाठते, १० अंशांवर जेमतेम २०० किलोमीटर, म्हणजे अख्खी रेषा आयनांबरातच, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातच, बुडालेली. तारेसारखी ताणलेली क्षेत्ररेषा स्वतःच्या वारंवारतेने कंप पावते हे वरच्या अक्षांशांवरचं स्पष्टीकरण इतक्या खाली लागू पडत नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन-तीन अंशांच्या पट्ट्यात असाल तर दिवसा डोक्यावर विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट हा प्रवाह वाहत असतो. तो लांब आवर्तनकालाची स्पंदनं वाढवतो, तर अगदी आखूड आवर्तनकालाची दाबतो. शेजारच्या स्थानकाशी तुलना करताना हे विसरलात तर स्पंदनांच्या उंचीतला फरक उपकरणाचा दोष वाटेल.

जागा

सेन्सरपेक्षा जास्त वेळ जागेवर घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तम सेन्सर वाईट जागी फुकट जातो. साधा सेन्सर चांगल्या जागी काम देतो.

हा धडा जुना आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४मध्ये अलिबागला हलवावं लागलं. जपानमध्ये काकिओका वेधशाळेच्या आसपास रेल्वेला एकदिश (डीसी) विजेऐवजी प्रत्यावर्ती (एसी) वीज वापरावी लागते, त्याचंही कारण हेच. एकदिश विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा प्रवाह जमिनीतून गळतो आणि त्याचा उपद्रव कित्येक किलोमीटरपर्यंत जाणवतो. त्यावर घरगुती उपाय नाही. अशा रेल्वेपासून लांब जाणं एवढाच मार्ग.

मोटारींचं गणित त्या मानाने सोपं आहे. साधारण कार ३० मीटरवरून गेली तर एखाद-दोन नॅनोटेस्लाचा धक्का देते, म्हणजे पीसी-३पेक्षा मोठा. पण हा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. अंतर दुप्पट केलं की धक्का आठव्या हिश्श्यावर येतो. वर्दळीच्या रस्त्यापासून १०० मीटर मिळाले तर काम चालतं, २०० मिळाले तर निश्चिंत राहा. स्थिर लोखंडाची फार धास्ती नको. हलणारं लोखंड खरा शत्रू. लोखंडी फाटक, सायकल, पाण्याचा पंप, कुत्र्याची साखळीसुद्धा.

जागा ठरवण्याआधी साध्या उपकरणानेही तिथे एक पूर्ण दिवस-रात्र नोंद घ्या. पहाटे दोन ते चार या वेळेतली रेघ आणि सकाळी नऊ ते अकरामधली रेघ शेजारी ठेवा. दिवसा रेघेवर टोकदार काटे असतील तर ते माणसांचे आहेत.

सेन्सरची निवड

बाजारात सहज मिळणारा आरएम-३१०० हा चुंबक-प्रेरणीय सेन्सर हौशी निरीक्षकांमध्ये लोकप्रिय आहे. भरपूर सरासरी काढली तर तो काही नॅनोटेस्लापर्यंतचे बदल दाखवतो. त्यावर चुंबकीय वादळाची अचानक सुरुवात, दैनिक बदल आणि एखादं दणकट पीआय-२ दिसेल. रोजचं पीसी-३ दिसणार नाही. सुरुवात करायला चांगला, पण या कामाला अपुरा.

फ्लक्सगेट सेन्सर पुरेसा संवेदनशील असू शकतो, मात्र त्याच्यामागचं अॅनालॉग-ते-डिजिटल (ए-टू-डी) रूपांतर तपासा. ±६०,००० नॅनोटेस्लाची व्याप्ती १६ बिटांत विभागली तर एक पायरी जवळपास १.८ नॅनोटेस्लाची होते. पीसी-३ त्या पायरीच्या आतच हरवेल. २४ बिटांत तीच पायरी कागदावर ०.००७ नॅनोटेस्ला होते. १६ बिटच हाती असतील तर मूळ क्षेत्र उलट प्रवाहाच्या कॉइलने रद्द करून फक्त उरलेला बदल वाढवा.

माझी पसंती इंडक्शन कॉइलला, म्हणजे चुंबकीय गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तारेच्या कॉइलला, आहे. ती स्थिर क्षेत्र पाहतच नाही, फक्त बदलाचा वेग पाहते. त्यामुळे दैनिक बदलाचा मोठा डोंगर आपोआप सपाट होतो. शिवाय ती घरी बनवता येते.

कॉइल गुंडाळताना

मीटरभर लांबीचा, दोन सेंटीमीटर व्यासाचा गाभा घ्या. परमॅलॉय किंवा म्यू-मेटल या चटकन चुंबकित होणाऱ्या मिश्रधातूंच्या पट्ट्यांची जुडी उत्तम. फेराइटचे तुकडे एकापुढे एक चिकटवूनही जमतं, फक्त सांध्यांतल्या फटी शक्य तितक्या बारीक ठेवा, कारण प्रत्येक फट गाभ्याची ताकद खाते. मधल्या अर्ध्या मीटरवर ०.२ मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे ५०,००० वेढे बसतात. वेढ्यांचा सरासरी व्यास चार सेंटीमीटर धरला तर सहा किलोमीटरहून जास्त तार, वजन पावणेदोन किलोच्या आसपास आणि रोध साडेतीन किलोओहमच्या जवळ. वेढे हाताने मोजत बसू नका; फिरत्या आसाला छोटं चुंबक आणि चुंबक जवळ आलं की मिटणारा, वेढे मोजणारा रीड स्विच लावा.

आता यातून मिळणार किती? व्होल्टेज म्हणजे २π गुणिले वारंवारता, गुणिले वेढे, गुणिले गाभ्याचं क्षेत्रफळ, गुणिले गाभ्याची परिणामी पारगम्यता (गाभा क्षेत्र किती पट वाढवतो तो आकडा), गुणिले क्षेत्रातला बदल. २० सेकंदांचं स्पंदन म्हणजे ०.०५ हर्ट्झ. क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर, परिणामी पारगम्यता ३०० धरू. एक नॅनोटेस्लाच्या स्पंदनाला सुमारे दीड मायक्रोव्होल्ट मिळतात. पीसी-३ ०.१ नॅनोटेस्लाचं असेल तर ०.१५ मायक्रोव्होल्ट. कॉइलच्या रोधाचा स्वतःचा औष्णिक गोंगाट एवढ्या अरुंद पट्ट्यात काही नॅनोव्होल्टच असतो, म्हणजे कॉइल पुरेशी आहे. अडचण सुरू होते ती कॉइलच्या पुढे.

परिणामी पारगम्यता मुख्यतः गाभ्याच्या लांबी-जाडीच्या गुणोत्तरावर ठरते, हे ध्यानात ठेवा. गाभा आखूड आणि जाड केला तर कितीही महाग धातू वापरून उपयोग नाही.

जमिनीवर मोठा आडवा लूप पसरावा अशी सूचना बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. कमी अक्षांशांवर ती टाळा. तो लूप उभा घटक मोजतो आणि इकडे स्पंदनं मुख्यतः क्षितिजसमांतर, उत्तर-दक्षिण घटकात असतात. किनाऱ्याजवळ समुद्रातल्या प्रेरित प्रवाहांमुळे उभा घटक फुगलेला दिसतो, पण तो स्पंदनापेक्षा किनाऱ्याबद्दल जास्त सांगतो.

पुरणं आणि दिशा

कॉइल जाड पीव्हीसी पाइपमध्ये घाला, दोन्ही टोकं पाणी शिरणार नाही अशी बंद करा आणि निदान ६० सेंटीमीटर खोल पुरा. दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट मातीत इतक्या खाली जवळपास मरते. पाइपखाली वाळू घट्ट ठोकून बसवा. पोकळी राहिली तर पहिल्याच मोठ्या पावसानंतर माती बसते आणि कॉइल कलते. झाडाखाली पुरू नका. वाऱ्याने खोड हलतं, खोडाने मुळं, आणि मुळांनी तुमची कॉइल.

दिशा ठरवताना आधी होकायंत्राने दोन लाकडी खुंट्या आणि सुतळी वापरून चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषा आखा, मगच कॉइल जवळ आणा. गाभा जवळ असताना होकायंत्र वाचलंत तर सुई गाभ्याकडे ओढली जाईल.

सुरुवातीला उल्लेख केलेला फायदा तो हाच. उत्तर-दक्षिण ठेवलेली कॉइल क्षेत्राच्या दिशेतच असते. ती डावी-उजवीकडे थोडी हलली तर मोजलेल्या क्षेत्रात होणारा बदल कोनाच्या वर्गाइतका, म्हणजे नगण्य असतो. उदाहरणार्थ, मीटरभर कॉइलचं एक टोक ०.१ मिलिमीटर सरकलं तर ४०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात फरक पडतो अवघा ०.०००२ नॅनोटेस्ला. हीच कॉइल पूर्व-पश्चिम असती तर त्याच हालचालीने चक्क ४ नॅनोटेस्लाचं खोटं स्पंदन उमटलं असतं. वर-खाली डुलण्यातून येणारी चूक उभ्या घटकावर अवलंबून असते, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ उभा घटक लहान असतो. स्पंदन सर्वांत मोठं ज्या दिशेत, हालचालीचा त्रास सर्वांत कमी त्याच दिशेत. वरच्या अक्षांशांवर ही सोय नाही. म्हणून एकच कॉइल करणार असाल तर ती उत्तर-दक्षिणच असू द्या. दुसरी, पूर्व-पश्चिम कॉइल नंतर जोडा आणि तिला दुप्पट घट्ट बसवा.

अॅम्प्लिफायर आणि नमुने

झिरो-ड्रिफ्ट वर्गातला, म्हणजे शून्य न सरकू देणारा, ऑप-अॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) घ्या. साध्या ऑप-अॅम्पचा मंद वारंवारतेचा गोंगाट नेमका आपल्या पट्ट्यात चढतो. दहा हजारपट वाढवल्यावर दीड मायक्रोव्होल्टचे १५ मिलिव्होल्ट होतात आणि २४ बिटांच्या ए-टू-डी रूपांतरकाला ते भरपूर आहेत.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. दोन वेगळे धातू जिथे जोडले जातात तिथे तापमानाच्या फरकाने व्होल्टेज तयार होतं, अंशाला काही मायक्रोव्होल्ट इतकं. उघड्या सर्किटवरून वाऱ्याची झुळूक गेली की सोल्डरचे सांधे असमान थंड होतात आणि आलेखावर २०-३० सेकंदांचं देखणं, लयबद्ध स्पंदन उमटतं. म्हणून पहिल्या टप्प्याचं सर्किट धातूच्या डबीत, डबी थर्माकोलच्या पेटीत, आणि पेटी कॉइलशेजारीच सावलीत. लांब केबल अॅम्प्लिफायरनंतर, आधी नाही.

आता नमुने घेण्याची गती. पीसी-३साठी सेकंदाला एक नमुना पुरतो, पण रूपांतरकाच्या आधी अॅनालॉग गाळणी (फिल्टर) लागतेच. समजा, सेकंदाला दहा नमुने घेता आणि गाळणी नाही. विजेच्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवर काटेकोर राहत नाही; ती क्षणभर ४९.९५ झाली की तुमच्या नोंदीत ०.०५ हर्ट्झची लाट उमटते, म्हणजे २० सेकंद, पीसी-३च्या ऐन मध्यावर. ६० हर्ट्झच्या प्रदेशातही हेच, कारण दोन्ही आकडे दहाच्या पटीत आहेत. नमुने घेतल्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर ही लाट वेगळी काढू शकत नाही. एक हर्ट्झच्या आसपास कापणारी दोन-तीन टप्प्यांची गाळणी बसवा आणि विजेऐवजी बॅटरीवर चालवा.

वेळ जीपीएसवरून घ्या आणि नोंद नेहमी जागतिक प्रमाणवेळेत ठेवा. स्थानिक वेळ आलेखाच्या वरच्या कडेला लिहिली की पुरे. कमी अक्षांशांवर विजा भरपूर कडाडतात, तेव्हा केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज संरक्षक लावा. जमल्यास मधे ऑप्टिकल विलगक ठेवा.

मापन-पडताळणी

एक मीटर त्रिज्येचा, एकाच वेढ्याचा लूप कॉइलच्या मध्याभोवती उभा करा, त्याचं प्रतल कॉइलला काटकोनात. एक मिलिअँपिअर प्रवाहाला मध्यावर ०.६३ नॅनोटेस्ला क्षेत्र मिळतं. सिग्नल जनरेटरने २०, ३० आणि ६० सेकंदांच्या आवर्तनकालाचा प्रवाह द्या आणि मिळालेली उंची लिहून ठेवा. मीटरभर लांब गाभ्यावर या लूपचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, म्हणून आकडा थोडा कमीच येतो; आणखी मोठा लूप करून पाहिला की सुधारणेचा अंदाज येतो. अर्थात ही पडताळणी पुरण्याआधी करायची.

आलेखावर पाहताना

कच्च्या नोंदीत डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्याने खचू नका. पीसी-३साठी २२ ते १०० मिलिहर्ट्झ, पीसी-४साठी ७ ते २२ मिलिहर्ट्झ असा पट्टा गाळा. गाळणी पुढून आणि मागून अशी दोनदा चालवा, म्हणजे वेळ सरकत नाही. पायथनमधल्या सायपायच्या साठ्यात हे तयार मिळतं. पीआय-२साठी ७ ते २५ मिलिहर्ट्झ ठेवा.

मग कालानुसार वर्णपट काढा, म्हणजे कोणत्या वेळी कोणती वारंवारता किती जोरात होती याचं चित्र. सेकंदाला एक नमुना असेल तर १,०२४ नमुन्यांची खिडकी, म्हणजे सुमारे १७ मिनिटं, आणि खिडक्या निम्म्या एकमेकींवर. त्याने एक मिलिहर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. फ्लक्सगेटची नोंद असेल तर आधी लागोपाठच्या नमुन्यांची वजाबाकी घ्या, नाहीतर मंद वारंवारतांची प्रचंड शक्ती चित्र झाकून टाकते. कॉइलला हे लागत नाही; तिने ते आधीच केलेलं असतं.

खरं पीसी-३ चित्रात कसं दिसतं? २५ ते ५० मिलिहर्ट्झच्या दरम्यान, सकाळी उजळून दुपारनंतर विरणारा पट्टा. गाळलेल्या रेघेवर पाच-दहा मिनिटांचे पुंजके, फुगत जाणारे आणि ओसरणारे, पुंजक्यातली लय बरीचशी एकसारखी. मोटारीचा ठसा याहून वेगळा: एकच उंचवटा, मागे उलट्या बाजूची छोटी शेपटी, पुनरावृत्ती नाही. पण गाळणीतून गेल्यावर तोही दोन-तीन हेलकाव्यांचा होतो आणि हुबेहूब पीआय-२सारखा दिसतो. म्हणून संशय आला की गाळलेली रेघ सोडून कच्च्या नोंदीकडे परत जा.

खरं की खोटं

एकाच सेन्सरवर दिसलेल्या स्पंदनाला मी उमेदवार म्हणतो, स्पंदन नाही. कमी अक्षांशांवर ही लाट शेकडो किलोमीटरपर्यंत जवळपास एकाच वेळी, जवळपास सारख्या आकारात येते. त्यामुळे जगभरातल्या चुंबकीय वेधशाळांच्या इंटरमॅग्नेट जाळ्यातल्या, तुमच्या जवळच्या रेखांशावरच्या वेधशाळेची एक-सेकंदी नोंद उतरवून घ्या, तिच्यावरही तुमचीच गाळणी चालवा आणि दोन्ही रेघा एकाखाली एक मांडा. कॉइल क्षेत्राच्या बदलाचा वेग मोजते, त्यामुळे तिची रेघ पाव आवर्तनाने पुढे असते. तुलनेआधी वेधशाळेच्या नोंदीचंही अवकलन करा, म्हणजे तिच्याही बदलाचा वेग काढा, नाहीतर वेळेचा नसलेला फरक शोधत बसाल. पीआय-२च्या वेळी तर रात्रीच्या बाजूच्या कमी अक्षांशांवरच्या स्थानकांवर उत्तर-दक्षिण घटक एकाच तालात हलतो. तो तुमच्याकडेच हलला आणि बाकीच्यांकडे शांत असेल तर फाटक कुणी उघडलं ते विचारा.

दुसरा ताळा सौरवाऱ्याशी. सूर्य-पृथ्वी रेषेवरच्या एल-१ बिंदूवरचे उपग्रह, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून, सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र सतत मोजतात. पीसी-३ची मिलिहर्ट्झमधली वारंवारता त्या क्षेत्राच्या नॅनोटेस्लामधल्या तीव्रतेच्या साधारण सहापट येते. क्षेत्र ५ नॅनोटेस्ला असेल तर ३० मिलिहर्ट्झ, म्हणजे ३३ सेकंद. ८ असेल तर ४८ मिलिहर्ट्झ, म्हणजे २१ सेकंदांच्या आसपास. क्षेत्राची दिशा सूर्य-पृथ्वी रेषेच्या जितकी जवळ तितकं पीसी-३ ठळक. ती रेषेला आडवी झाली की पट्टा बहुधा विझतो. उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला वाऱ्याच्या वेगानुसार अर्धा ते एक तास लागतो, तेवढी वेळ सरकवून घ्या.

महिनाभराच्या नोंदी जमल्या की रोजच्या सकाळच्या पट्ट्याची मधली वारंवारता एका अक्षावर आणि सौरवाऱ्यातल्या क्षेत्राची तीव्रता दुसऱ्यावर मांडा. ठिपके बरेच विखुरलेले असतील, तरी कल चढता दिसला पाहिजे. सगळे ठिपके एकाच वारंवारतेवर आडवे बसले तर ती वारंवारता तुमच्या उपकरणाची किंवा विजेच्या जाळ्याची आहे. आधी गाळणी तपासा, मग थर्माकोलची पेटी.